मागची बाजू उचलायची कशी?

श्रावण सरत आला होता. एका संध्याकाळी पुतण्या ओट्यावर येऊन बसला आणि चहा पुढे यायच्या आतच म्हणाला, "काका, पिकअपची मागची बाजू उचलून घ्यायची आहे. ठोकळा घालू, शॅकल लांब करू, की पाटा वाढवू? तुम्ही सांगाल ते करतो."

जन्मभर पोरांना पानिपत आणि प्लासी शिकवलेल्या मास्तराला असा प्रश्न विचारण्यात माझ्या ज्ञानाविषयीचा आदर कमी होता आणि दादांसमोर जायची भीती जास्त, हे मला लगेच उमगले. दादा म्हणजे त्याचे वडील, माझे थोरले बंधू. गाडीला ठोकळा लावण्याचा विषय त्यांच्यासमोर काढण्याची आमच्या घरात कुणाची छाती नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

पण प्रश्न ऐकून माझ्या डोक्यात भलतेच चक्र सुरू झाले. ओझ्याखाली मागून बसणारे वाहन ही काही पिकअपबरोबर आलेली व्याधी नव्हे. आमच्या गावाचा सगळा इतिहासच या एका दुखण्याभोवती फिरतो असे म्हटले तरी चालेल. म्हणून हा लेख. ज्यांना गाडीच्या खालच्या अंगाचे वावडे आहे त्यांनी मधली दोन पाने उलटून पुढे जावे. माझी तक्रार नाही.

ज्या वाचकांनी धामनोद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंदूरचे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. मानपूर सोडले की विंध्य एकदम खाली उतरतो आणि तीनशे मीटरहून अधिक उंची गमावून रस्ता निमाडच्या मैदानात येतो. तिथे, घाटाच्या पायथ्याशी, आमचे धामनोद. पुढे खलघाटला नर्मदा आणि डाव्या हाताला थोड्या अंतरावर अहिल्याबाईंचे महेश्वर. चढणारी गाडी इथे थांबून दम घेते, उतरणारी थांबून ब्रेक निववते. अशा जागी देवळाआधी मिस्त्री येतो.

रस्ता जुना आहे. नर्मदेचा अकबरपूरचा उतार ओलांडून दक्षिणेच्या फौजा याच पट्ट्यातून माळव्यावर चढत. चिमाजी आप्पा नर्मदा ओलांडून वर आले आणि २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आमच्याच धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याला गिरिधर बहादूर आणि दया बहादूर पडले. त्यानंतरच्या वर्षांत धार आणि देवास पवारांकडे, इंदूर-महेश्वर होळकरांकडे अशी घडी बसली आणि आमच्यासारखी कारकुनी घराणी दप्तरे बांधून इकडे आली. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे सातपुडा ओलांडून महूकडे आले ते बंडाच्या तोंडावरच. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. तो वाचताना माझ्यासारख्याचे लक्ष लढायांपेक्षा माणसे या वाटेने चालत किती आणि गाडीत बसत किती याकडेच जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी या वाटेची बांधीव सडक केली. तिच्या नावाची गंमत अशी, की नाशिककर तिला आग्रा रोड म्हणतात आणि इंदूरकर ए. बी. रोड. सरकारदरबारी ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होती. २०१० च्या फेरक्रमांकात आमच्या तुकड्याच्या वाट्याला ५२ हा आकडा आला. माझ्या पिढीच्या तोंडून मात्र तीन काही सुटत नाही.

आगगाडी आम्हाला मिळाली नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज इंग्रजांना देऊन इंदूरला रेल्वे आणवली, पण ती खंडव्याहून बडवाहमार्गे घाट चढून गेली. धामनोद बाजूलाच राहिले. इंदूर-मनमाड मार्गाला केंद्राने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटींचा खर्च. तो झाला तर बरेच होईल. तोवर दीडशे वर्षांचा आमचा कापूस, मिरची, केळी आणि गहू गेला तो चाकांवर, आणि त्या चाकांवर किती लादायचे हा घरोघरचा प्रश्न झाला.

आजोबांच्या बैलगाडीला कमान नव्हती. आस, तुंबा, आरे, वर लोखंडी धाव, आणि आसावर थेट साटी. रस्त्याचा प्रत्येक दगड हाडांपर्यंत पोचायचा. तरीही त्या गाडीत एक शास्त्र होते आणि ते शब्दांत जपलेले आहे. ओझे आसाच्या मागे जास्त गेले की गाडी 'उलाळ' होते: जू वर उचलले जाते, गळ्याचे पट्टे बैलांना आवळतात आणि चढावर गाडी मागे कलंडू पाहते. ओझे पुढे फार झाले तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून पोती रचणारा गडी एक पोते मागे, एक पुढे सरकवत राही आणि शेवटी जू हाताने उचलून बघे. ते एका हाताने उचलले गेले पाहिजे, पण आपणहून उचलले जाता कामा नये, असा त्याचा हिशेब. घाट चढायचा असेल तर ओझे जरा पुढे, उतरायचा असेल तर जरा मागे. आमचे आजोबा हे करताना कुणाशी बोलत नसत, असे आप्पा सांगत.

कमान आली ती साहेबाच्या घोडागाडीबरोबर. युरोपात आधी गाडीचे खोके चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत, मग पोलादाच्या पट्ट्या आल्या. १६७८ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रजाने सांगितले, की जितका ताण तितके बल, म्हणजे कमान जेवढी वाकवाल तेवढी ती उलटून ढकलते. वाक्य साधे आहे, पण पिकअपचे सगळे दुखणे त्यात आहे. १८०४ मध्ये ओबडाया इलियट या लंडनच्या गाडी बनवणाऱ्याने दोन धनुष्ये तोंडास तोंड लावल्यासारख्या लंबगोल कमानीचे पेटंट घेतले आणि गाडीखालचे जड लाकडी सांगाडे गेले. मुंबईत व्हिक्टोरिया आणि शिग्राम आले, गावोगाव टांगे झाले. टांग्याच्या सीटखाली वाकलेले ते तीन-चार पाटे आमच्या पिढीने पाहिले आहेत. एका जाड पट्टीऐवजी अनेक पातळ पाटे एकमेकांवर का, याचे उत्तर मला फार उशिरा कळले: एकच जाड पट्टी लवकर मोडते, पातळ पाटे लवतात, आणि लवताना एकमेकांवर घासून उसळी थोडी मारतात.

शब्दांचा प्रवासही बघण्यासारखा आहे. कमान हा फारसी शब्द, अर्थ धनुष्य. मराठीत तो वाड्याच्या दरवाजावर जाऊन बसला आणि घड्याळातही शिरला. धुळे-जळगावकडे गॅरेजवाले कमानपाटे म्हणतात, घाटाच्या पायथ्याशी तीच 'कमानी', आणि तिचे पान म्हणजे 'पट्टा'. आमच्या घरात दोन्ही चालते. दादा मिस्त्रीकडे गेले की पट्टा म्हणतात आणि घरी येऊन बिल वहिनींना सांगताना पाटा म्हणतात.

मोटारीने ही कमान टांग्याकडून जशीच्या तशी उचलली. फोर्डची १९०८ ची मॉडेल टी आडव्या कमानींवर बसलेली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला चारही चाकांवर पाटे होते, आणि त्याच जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला सुरुवात केली. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मन कंपनीशी करार करून ट्रक काढले आणि ए. बी. रोडचे रूप पालटले. १९५८ साली फिरोदियांची बजाज टेम्पो निघाली. १९८० च्या दशकात तर कारखानेच आमच्या जिल्ह्यात आले. पिथमपूर आमच्या धार जिल्ह्यात आहे, हे इंदूरकर सोयीस्कर विसरतात. तिथे बजाज टेम्पोने गाड्या काढल्या, आयशरने १९८६ पासून ट्रक काढले, आणि २०२१ मध्ये तिथेच वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान गोल मार्ग सुरू झाला. टाटांची ४०७ आली १९८६ मध्ये, त्यांचा पहिला पिकअप १९८८ मध्ये, आणि छोटा हत्ती २००५ मध्ये. एवढे सगळे बदलले, पण मागच्या एक्सलचा पाट्यांचा जुडगा तसाच राहिला. प्रवासी मोटारी केव्हाच गुंडाळी स्प्रिंगांवर गेल्या. ओझ्याच्या गाडीला पाटाच हवा, कारण तो एक्सलला धरूनही ठेवतो आणि भारही उचलतो.

आता घरातली गोष्ट. ती टाळून हा लेख पुढे जाणार नाही.

आमच्याकडे तेव्हा एक जुनी मालगाडी होती, भाड्याच्या फेऱ्या मारणारी. दादा चालवत. सरकी आणि ढेपेची पोती भरली की मागची बाजू बसे आणि टायर मडगार्डला घासे. १९८१ च्या पावसाळ्याआधी कुणीतरी स्वस्तातली युक्ती सांगितली. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये बाभळीचे ठोकळे घातले, जुनेच यू-बोल्ट कसेबसे पुरवले, आणि गाडी चार बोटे वर आली. दादा खूश. आप्पाही खूश. लाकूड मात्र भाराखाली दबत गेले. जेवढे दबले तेवढे यू-बोल्ट ढिले झाले, आणि सगळा जोर मधल्या करंगळीएवढ्या सेंटर बोल्टवर आला. मानपूरहून उतरताना तो तुटला. एक्सल एका बाजूने मागे सरकला, गाडी आपणहून डावीकडे वळली आणि दरडीला जाऊन भिडली. दादांना खरचटले. आप्पा शेजारी बसले होते. त्यांचा उजवा पाय वाचला, पण पुढची एकोणीस वर्षे ते काठी टेकत चालले आणि दादांना त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरे झाले असते, असे दादा एकदा, फक्त एकदाच, मला म्हणाले होते. गाडी त्याच वर्षी विकली. ठोकळ्यांपैकी एक अजून माळ्यावर आहे.

आणि आता दादांचाच मुलगा ठोकळ्याविषयी विचारत होता.

मी त्याला घेऊन आमच्या ओळखीच्या कमानीवाल्याकडे गेलो. साठीचा माणूस, हात तेलाने काळे, बोलणे निमाडी. त्याने गाडीखाली सरपटत जाऊन पाटे पाहिले आणि बाहेर येऊन जमिनीवर खडूने आकृती काढली. माझ्या सगळ्या नोकरीत मला फळ्यावर इतके स्वच्छ शिकवता आले नसते. त्याचे म्हणणे मी माझ्या भाषेत मांडतो.

ठोकळ्याने गाडी जितका ठोकळा तितकीच वर येते, पण पाट्यांचा ताठपणा बदलत नाही. रिकामी असताना चार बोटे वर दिसेल, भरली की पूर्वीइतकीच खाली झुकेल, फक्त चार बोटे वरून. आता लाकूड कुणी वापरत नाही, ओतीव लोखंडाचे ठोकळे लांब यू-बोल्टांसह मिळतात, आणि मागच्या एक्सलला एकच नीट बसवला तर तो टिकतो. एकावर एक दोन कधीच नाहीत, पुढच्या एक्सलला तर मुळीच नाही. कारण ठोकळा म्हणजे एक्सल आणि कमान यांच्यातली तरफ: ब्रेक मारला की एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि ठोकळा जितका उंच तितका तो पाट्यांना जास्त पिळतो.

शॅकल म्हणजे पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणाऱ्या दोन पट्ट्या. त्या दोन इंच लांब केल्या तर गाडी साधारण एक इंच वर येते, कारण पाट्याचे पुढचे टोक आपल्या जागी असते आणि एक्सल मध्यावर. काम स्वस्त, तासाभराचे. पण एक्सल जरा तिरपा होतो, शाफ्टचा कोन बिघडतो आणि लांब शॅकलवर गाडी आडवी झुलते. ताठपणा इथेही तोच.

तिसरी रीत पाटे काढून त्यांना पुन्हा कमान चढवण्याची. आमच्या लहानपणी भट्टीत लाल करून, घणाने ठोकून हे होत असे. पाटा वर येई, पण लाल करून नुसताच गार केला तर पोलादाचे पाणी उतरते. पुन्हा पाणी नीट चढवले नाही तर सहा महिन्यांत तो होता तिथे येतो, नाहीतर मोडतो.

चौथी रीत पाटा वाढवण्याची, आणि ए. बी. रोडवरच्या निम्म्या ट्रकांनी आयुष्यात कधी ना कधी ती केलेली आहे. पाच पाट्यांत तेवढ्याच जाडीचा सहावा पूर्ण लांबीचा घातला तर ताठपणा ढोबळ मानाने एक पंचमांशाने वाढतो. जाडीचा खेळ याहून जबर आहे. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा बसवला तर तो एकटाच जवळजवळ दुप्पट ताठ. त्यामुळे "जरा जाड टाकून दे" असे सांगणाऱ्याला आपण काय मागतो आहोत हे ठाऊक नसते. रिकाम्या गाडीत ती उसळी मणक्याला समजते, आणि जो धक्का पूर्वी पाटा खात असे तो आता चासीच्या रिबिटांना आणि शॅकलच्या बुशांना खावा लागतो.

हवेच्या पिशव्याही आल्या आहेत. एक्सल आणि चासीच्या मध्ये बसवायच्या, ओझे असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा सोडायची. कल्पना मला आवडली. पण पाट्याचा भार चासीवर दोन टोकांना वाटला जातो आणि पिशवीचा एकाच जागी पडतो, शिवाय खेड्यातल्या रस्त्यावर नळी फाटली तर पुढे काय, असे कमानीवाल्याने विचारले. अमेरिकेत लोक मोठी टायरे बसावीत आणि गाडी रुबाबदार दिसावी म्हणून पिकअप उचलतात, हे मी त्याला सांगितले. तो खूप हसला.

मग त्याने गाडीखाली एक बारीकशी दांडी दाखवली. ती एक्सलवरून निघून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली. हल्लीच्या बऱ्याच पिकअपांत मागच्या ब्रेकच्या नळीवर हा व्हॉल्व्ह असतो. गाडी ओझ्याने बसली की चासी एक्सलजवळ येते, दांडी व्हॉल्व्हला सांगते की माल भरलेला आहे, आणि मागच्या ब्रेकला पुरा दाब जातो. गाडी रिकामी असली की दाब कमी जातो, म्हणजे मागची चाके अडकून गाडी फिरत नाही. आता तुम्ही ठोकळा घाला, शॅकल लांबवा किंवा पाटा वाढवा. चासी वर जाते. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. दीड टन माल घेऊन तुम्ही घाट उतरत असता आणि मागचे ब्रेक अर्धेच लागत असतात. सगळा भार पुढच्यांवर. "पट्टा सब डलवाते हैं साब, ये डंडी कोई नहीं देखता," तो म्हणाला.

पुतण्या गप्प झाला. मीही. आमच्या वरचा गणपती घाट काय आहे हे या भागात सांगावे लागत नाही. चौपदरी रस्ता झाल्यावर तो लांब उतार ब्रेक निकामी झालेल्या वाहनांसाठी कुप्रसिद्ध झाला. कित्येक वर्षे वर्तमानपत्र उघडले की त्याचे नाव दिसे. २०२४ च्या अखेरीस घाट टाळणारा नवा वळसा रस्ता खुला झाला आणि धास्ती कमी झाली. उतार मात्र उतारच आहे.

त्या रात्री मी दादांना सांगितले. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ऐकून घेतले, बराच वेळ अंगणाकडे बघत बसले आणि मग एकच प्रश्न विचारला, "गाडी काट्यावर नेली होती का?"

नेली नव्हती. उंचीचे औषध शोधत होतो, वजन कुणी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मिरची भरलेली गाडी वजनकाट्यावर घातली. कागदावर जेमतेम दीड टन मालाची परवानगी, काट्यावर दोन टनांना थोडे कमी. दादांनी आणखी एक गोष्ट केली जी मला सुचली नसती: गाडी फक्त मागच्या चाकांवर काट्यावर उभी करून वेगळे वजन घेतले. जवळजवळ सगळे जादा ओझे मागच्या एक्सलवर होते, कारण पोरांनी पोती फळीच्या टोकापर्यंत आणि फळीबाहेरही रचली होती. "उलाळ आहे," दादा म्हणाले. पुतण्याला शब्द कळला नाही. त्याला तो समजावून सांगताना मला आजोबांचा जू उचलून बघणारा हात आठवला. पिकअप उलाळ झाली की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग तरंगते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. बैलाच्या गळ्याऐवजी चालकाच्या हाताला ते कळायला हवे, पण पॉवर स्टिअरिंगमध्ये तेवढे कळत नाही.

पुतण्याचीही बाजू आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. गाडीचे हप्ते अजून बाकी. भाडे पोत्यावर मिळते, फेरीवर नाही. चार पोती कमी म्हणजे डिझेलचे पैसे कमी. शिवाय गाडी मागून बसलेली दिसली की नाक्यावर अडवतात. उभी दिसली की सोडून देतात. खरे सांगायचे तर त्याला उंची हवी होती ती मुख्यतः या दिसण्यासाठी. "सरकारनेच २०१८ मध्ये वजन वाढवून दिले ना?" असेही तो म्हणाला. दिले, पण ते जड वाहनांच्या एक्सलसाठी. चार टायरांच्या एकेरी एक्सलचे १०.२ टनांवरून ११.५ टन झाले. आपल्या पिकअपच्या कागदावर जो आकडा छापला आहे तो त्याने हलत नाही. आणि आपण पाटा वाढवल्याने तर नाहीच. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळे तेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बनावटीशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा ओझ्याचा दंड वीस हजार आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार झाला. एका दंडात त्याच्या चार महिन्यांच्या जादा पोत्यांची कमाई जाईल, हा हिशेब त्याने स्वतःच मोबाइलवर केला आणि तोंड वाकडे केले.

कमानीवाल्याने पाटे उतरवले तेव्हा खरा रोग दिसला. गाडी सात वर्षांची, त्यातली बहुतेक जादा ओझ्याची. मुख्य पाटा जवळजवळ सरळ झाला होता आणि तिसऱ्याला डोळ्याजवळ केसाएवढी चीर गेली होती. त्यावर सहावा घातला असता तर वरून सगळे ठीक दिसले असते. मग ठरले ते असे: वाढवायचे काही नाही. जेवढे पाटे कंपनीने दिले होते तेवढेच, त्याच जाडीचे, नवे. नवे यू-बोल्ट, नवे सेंटर बोल्ट, नवे बुश. दांडी कंपनीच्या मापावर. जुगाड स्वस्त पडला असता हे खरे, यात पैसे जास्त गेले. निम्मे दादांनी दिले आणि त्याबद्दल कुणी बोलले नाही.

उंची मोजायला कमानीवाल्याने टेप आणला, दादांनी मात्र चाक आणि मडगार्डच्या मध्ये हात घातला. रिकाम्या गाडीत पूर्वी मूठ जात नव्हती, आता मूठ जाऊन वर दोन बोटे राहिली.

पहिली फेरी इंदूरची. जाताना मिरची, येताना चोइथराम मंडईतून बटाटे. पोती पुढे रचलेली, काट्यावर नेऊन आणलेली. निघताना दादा काही न बोलता शेजारच्या सीटवर जाऊन बसले. १९८१ नंतर ते इंदूरला शेकडो वेळा गेले असतील, पण बसने. मालाच्या गाडीत बसून घाट उतरले नव्हते. वहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

रात्री दहाच्या सुमारास गाडी परत आली. दादा उतरले, गुडघ्यावर हात ठेवून मागच्या चाकाशी वाकले आणि यू-बोल्टची नट अंगठ्याने चाचपून पाहिली.

"पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा आवळून घे," ते मुलाला म्हणाले, आणि पाय धुवायला आत गेले.